ऑक्सिजन सेन्सर बदलण्यापूर्वी: चेक इंजिनच्या दिव्यामागचे कारण कसे शोधावे

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पडद्यावर ऑक्सिजन सेन्सरचे नाव उमटले, सेन्सर बदलला आणि थोड्याच दिवसांत तोच दिवा पुन्हा लागला, हा अनुभव पेट्रोल गाडी वापरणाऱ्या अनेकांचा आहे. २०२५ मध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल देशभरातील पंपांवर सर्रास मिळू लागल्यापासून या दिव्याचा दोष थेट इंधनाला देणारेही वाढले आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात ही शंका अधिक जवळची आहे, कारण आपल्याच उसापासून आणि मळीपासून तयार झालेले इथेनॉल आपल्या गाडीच्या टाकीत येते आणि गाडीचा मालक व ऊसउत्पादक हे अनेक घरांत एकच असतात. दोष सेन्सरचा, इंधनाचा की तिसऱ्याच कशाचा, हे नवा भाग विकत घेण्याआधी तपासून ठरवता येते. त्यासाठी हा सेन्सर काय मोजतो आणि गाडी त्या मोजमापाचे काय करते, एवढे समजून घेणे पुरेसे आहे.

सेन्सर नेमके काय मोजतो

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी हवेचे ठरावीक प्रमाण लागते. इथेनॉल नसलेल्या एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा हे ते प्रमाण. हवा यापेक्षा जास्त झाली तर मिश्रणाला लीन म्हणतात आणि पेट्रोल जास्त झाले तर रिच. गॅरेजमध्ये हेच शब्द वापरले जातात, म्हणून पुढेही तेच वापरले आहेत.

इंजिनात नेमके कोणते मिश्रण जळले, हे जळून बाहेर पडणाऱ्या धुरावरून ओळखता येते. धुरात ऑक्सिजन शिल्लक असेल तर मिश्रण लीन होते, जवळजवळ नसेल तर रिच. सायलेन्सरच्या नळीत आट्यांनी बसवलेला, बोटभर लांबीचा ऑक्सिजन सेन्सर हेच पाहतो. त्याच्या टोकाशी झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचा तुकडा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा पातळ थर असतो. एका बाजूला गाडीचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची स्वच्छ हवा. हा तुकडा साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापला की त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात, आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक असेल त्यानुसार वीजदाब निर्माण होतो. मिश्रण रिच असेल तर तो ०.८ ते ०.९ व्होल्ट असतो, लीन असेल तर ०.१ ते ०.२ व्होल्ट, आणि नेमके प्रमाण साधले तर ०.४५ व्होल्टच्या आसपास. धुराच्या उष्णतेने सेन्सर तापेपर्यंत वाट पाहावी लागू नये म्हणून त्याच्या पोटात विजेवर चालणारा एक छोटा हीटर असतो, आणि सेन्सर निकामी होण्याच्या कारणांत या हीटरचा वाटा मोठा आहे.

बॉश कंपनीने बनवलेला असा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या मोटारीत प्रथम बसवला गेला. शिसे असलेल्या पेट्रोलवर तो टिकत नाही, त्यामुळे आपल्याकडे त्याचा प्रसार शिसेमुक्त पेट्रोलच्या मागोमागच होऊ शकला. असे पेट्रोल १९९५ मध्ये आधी चार महानगरांत आले आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर मिळू लागले.

इंजिन त्या मोजमापाचे काय करते

गुऱ्हाळघरात काहिलीतल्या रसावर नजर ठेवून गुळव्या उभा असतो. रसाची उकळी, फेस आणि रंग पाहून तो चुलवाणात चिपाडे घालणाऱ्या गड्याला जाळ वाढव किंवा आवर असे सांगतो. गडी त्याप्रमाणे करतो, उकळी बदलते, गुळव्या पुन्हा पाहतो आणि पुन्हा सांगतो. पेट्रोल इंजिनात गुळव्याच्या जागी ऑक्सिजन सेन्सर असतो आणि गड्याच्या जागी ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक. सेन्सरने लीन म्हटले की ईसीयू इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, किंचित जास्त वेळ उघडा ठेवून पेट्रोल वाढवतो, रिच म्हटले की कमी करतो. हे चक्र सेकंदागणिक चालू असते आणि म्हणून चांगल्या सेन्सरचा वीजदाब स्थिर न राहता सतत वर-खाली होत असतो.

ईसीयूच्या स्मृतीत प्रत्येक वेगाला आणि भाराला किती पेट्रोल द्यायचे याचे कंपनीने भरलेले आकडे असतात. सेन्सरच्या सांगण्यावरून त्या आकड्यांत केलेल्या टक्केवारीतील वाढीला किंवा घटीला फ्युएल ट्रिम म्हणतात. अधिक आठ टक्के ट्रिम म्हणजे मूळ हिशेबापेक्षा आठ टक्के पेट्रोल जास्त द्यावे लागत आहे. दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सर्वसाधारण मानला जातो. पुढे येणाऱ्या सगळ्या निदानाचा कणा हाच आकडा आहे, आणि दुर्दैवाने घाईच्या तपासणीत सर्वांत आधी दुर्लक्ष होते तेही याच्याकडे.

बहुतेक गाड्यांत दोन सेन्सर असतात. पहिला इंजिनाजवळ, मिश्रण सांभाळण्यासाठी. दुसरा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या नंतर, धूर त्यातून बाहेर पडतो त्या बाजूला. हा कन्व्हर्टर धुरातील कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे कमी घातक वायूंत रूपांतर करतो, आणि तो काम करतो की नाही यावर दुसरा सेन्सर लक्ष ठेवतो. कन्व्हर्टर निरोगी असेल तर दुसऱ्या सेन्सरचा वीजदाब फारसा हलत नाही.

कोड म्हणजे निदान नव्हे

स्कॅनरवर दिसणारा कोड म्हणजे ईसीयूने केलेली तक्रार. ती कशाविषयी आहे हे कोड सांगतो, दोष कोणाचा आहे हे सांगत नाही. पी ०१३५ हा पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या विद्युतमार्गाचा कोड आहे. त्यात हीटर जळलेला असू शकतो, पण फ्यूज उडालेला, तार तुटलेली किंवा कपलरमध्ये, म्हणजे तारांच्या जोडणीत, गंज चढलेला असणेही तितकेच शक्य आहे. पी ०१३४ म्हणजे सेन्सरकडून काहीच हालचाल नाही, पी ०१३३ म्हणजे तो फार सावकाश प्रतिसाद देतो. दुसऱ्या सेन्सरच्या हीटरचा कोड पी ०१४१ असा असतो.

खरा घोटाळा होतो तो पी ०१७१ आणि पी ०४२० या दोन कोडांवर. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन. येथे सेन्सर आपले काम करतो आहे आणि इंजिनात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी जात असल्याचे सांगतो आहे, अशी शक्यता सर्वांत मोठी असते. जाळ कमी पडतो असे गुळव्या सांगत असेल तर आधी चिपाडे ओली आहेत का ते पाहावे लागते, गुळव्या बदलून उकळी वाढत नाही. पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टरची क्षमता घटली. तेथेही केवळ बातमी देणारा म्हणून दुसरा सेन्सर बदलला जातो आणि खर्च वाया जातो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, कारण ती अनुभवी माणसालाही चकवते. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल मोजत नाही. एखादा प्लग काम करत नसेल आणि इंजिन मिसिंग करत असेल, तर त्या सिलिंडरमधील पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता बाहेर पडतात. त्या हवेतील ऑक्सिजन पाहून सेन्सर लीन म्हणतो आणि ईसीयू आणखी पेट्रोल ओततो, म्हणजे दोष प्लगचा, कोड लीनचा आणि गाडी प्रत्यक्षात पेट्रोल पीत असते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांतला धूर एकत्र करणाऱ्या नळीच्या, गॅसकेटमधून किंवा सेन्सरच्या आधीच्या नळीच्या चिरेतून बाहेरची हवा आत ओढली गेली तरी हेच घडते. थंड इंजिन सुरू करताना फटफट असा आवाज येणे आणि जोडावर काजळीची रेघ दिसणे ही अशा गळतीची खूण आहे.

तपासणी कोठून सुरू करावी

कोड पुसून टाकण्याआधी तो लिहून ठेवावा, आणि त्यासोबत ईसीयूने जपून ठेवलेली त्या क्षणाची माहिती, म्हणजे इंजिनाचा वेग, तापमान, भार आणि ट्रिम, हीसुद्धा टिपून घ्यावी. कोड उडवला की ही माहितीही जाते. मोबाइलला जोडता येणारे साधे स्कॅनरही एवढे दाखवतात.

मग ट्रिम पाहावी. गाडी जागेवर चालू असताना ती खूप वाढलेली असेल, परंतु इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर नेल्यावर पूर्ववत होत असेल, तर थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) आणि इंजिन यांच्या दरम्यान कोठेतरी एखादी व्हॅक्यूमची नळी फाटली असण्याचा संभव असतो, कारण अशी गळती कमी वेगाला मोठी ठरते आणि जास्त वेगाला किरकोळ. याउलट शहरात ट्रिम ठीक असते आणि आंबा घाट किंवा गगनबावड्याचा घाट चढताना ती वाढत जात असेल, तर पंप किंवा इंधनाचा फिल्टर मागणीइतके पेट्रोल पुरवू शकत नाही असे समजावे. आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर अस्वच्छ असेल तर तोही असाच खेळ करतो. घाटाची वाट जवळ असणे हा आपल्या भागातील मेकॅनिकसाठी एक फायदाच आहे, कारण भाराखालची चाचणी तेथे आपोआप होते. चालवणारा एक आणि स्कॅनर पाहणारा दुसरा, ही काळजी मात्र हवीच.

यानंतर सेन्सरकडे वळावे. आधी फ्यूज, मग तारा आणि कपलर. सेन्सरची तार तापलेल्या नळीला टेकून वितळली आहे का ते पाहावे. कपलर सोडवून हीटरच्या दोन तारांमधील रोध मल्टीमीटरने मोजावा. त्या बहुधा एकाच रंगाच्या असतात. हा रोध सामान्यतः काही ओहमपासून पंधरा-वीस ओहमपर्यंत असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेत मिळतो. रोध अनंत दाखवत असेल तर हीटर तुटला आहे आणि सेन्सर बदलण्यावाचून उपाय नाही. रोध योग्य असेल तर कपलरच्या गाडीकडील बाजूला १२ व्होल्ट येतात का ते पाहावे. सिग्नलच्या तारांवर मात्र ओहमचे माप कधीही लावू नये, त्याने सेन्सरला इजा होऊ शकते.

शेवटची चाचणी चालू इंजिनावर होते. इंजिन पूर्ण तापू द्यावे, वेग २,००० ते २,५०० फेऱ्यांवर स्थिर ठेवावा आणि पहिल्या सेन्सरचा वीजदाब पाहावा. तो ०.१ आणि ०.९ व्होल्टच्या दरम्यान चपळपणे हलत असेल तर सेन्सर जिवंत आहे. तो ०.४५ व्होल्टवर गोठलेला असेल तर सेन्सर तापत नाही किंवा तार तुटली आहे. तो सतत खाली किंवा सतत वर असेल तर त्याची परीक्षा घ्यावी. अॅक्सिलरेटर झटक्याने दाबला की मिश्रण क्षणभर रिच होते आणि वीजदाब ०.८ च्या वर गेला पाहिजे. एखादी व्हॅक्यूमची नळी सोडली की मिश्रण लीन होते आणि तो ०.२ च्या खाली आला पाहिजे. दोन्ही वेळा सेन्सरने ताबडतोब प्रतिसाद दिला तर तो निर्दोष आहे आणि त्याने आधी जे सांगितले तेही खरे होते. प्रतिसाद आला, पण रेंगाळत आला, तर सेन्सर म्हातारा झाला आहे. ही चाचणी मोकळ्या जागेतच करावी, बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठून जीव जाऊ शकतो.

बऱ्याच नव्या गाड्यांत पहिला सेन्सर वाइडबँड प्रकारचा असतो. तो लीन की रिच एवढेच न सांगता किती, हेही सांगतो, आणि त्याचे माप स्कॅनरवर मिलिअँपिअरमध्ये किंवा लॅम्डा या गुणोत्तरात दिसते, ज्यात १ म्हणजे अचूक प्रमाण. त्याला वर-खाली होणाऱ्या वीजदाबाची कसोटी लावली तर चांगला सेन्सर बाद ठरेल. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे, हे आधी पाहून घ्यावे.

इथेनॉलमुळे सेन्सर खराब होतो का

इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो हवा पुरते. या हिशेबाने ई-२० साठी अचूक प्रमाण १४.७ वरून १३.५ च्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साधारण आठ टक्के आणि ई-१० च्या तुलनेत चार टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन द्यावे लागते. धुरात शिल्लक राहिलेला ऑक्सिजन पाहून सेन्सर ही वाढ स्वतः करवून घेतो. त्याला इंधनाचे नाव माहीत असण्याची गरज नसते. ई-२० वर गाडी गेली आणि ट्रिम सर्व वेगांना सारखीच काही टक्के वाढली, तर तो बिघाड नाही, सेन्सर काम करत असल्याचा पुरावा आहे.

मग जुन्या गाड्यांत दिवा लागतो तो का? इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बेतलेल्या गाडीत ट्रिमची सवड आधीच आठ टक्क्यांनी वापरली जाते. त्यात एखादी जुनी चिरलेली नळी किंवा थकलेला पंप, जो पूर्वी खपून जात होता, तो आता मर्यादा ओलांडायला पुरेसा ठरतो. दोष नळीचा असतो, इथेनॉलमुळे तो उघड होतो. जुन्या रबरी नळ्या आणि सीलवर इथेनॉलचा परिणाम होऊ शकतो हेही खरे आहे आणि ते नाकारून चालणार नाही. अॅव्हरेज कमी होण्याची तक्रारही निराधार नाही. इथेनॉलविरहित इंधनासाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीत ई-२० मुळे इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या २०२१ च्या आराखड्यातच दिला होता. परंतु अॅव्हरेज वीस-पंचवीस टक्क्यांनी घसरले असेल तर त्याचा दोष इथेनॉलवर टाकून गप्प बसणे म्हणजे खऱ्या बिघाडाकडे पाठ फिरवणे होय.

सेन्सर खरोखर कशाने मरतो

वयाने मरतोच. हीटर असलेले सेन्सर दीड लाख किलोमीटरच्या आसपास सावकाश होऊ लागतात, असा ढोबळ अंदाज धरता येतो. त्याआधी मेला तर कारण शोधलेच पाहिजे, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल. पिस्टनरिंगा झिजून इंजिन ऑइल जळत असेल तर त्यातील फॉस्फरसचा थर टोकावर बसतो. हेड गॅसकेटमधून कूलंट आत येत असेल तर त्याचेही पुट चढते. दुरुस्तीत वापरलेल्या साध्या सिलिकॉन सीलंटची वाफ इंजिनात गेली तर टोकावर पांढरट काचेसारखा थर येतो. यासाठी सेन्सरला न बाधणारे सीलंट मिळते, तेच मागून घ्यावे.

आपल्या भागासाठी पाणी हे स्वतंत्र कारण मानायला हवे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता आणि शहरातील कितीतरी गाड्या उभ्या जागी बुडाल्या. सेन्सरचे कपलर गाडीच्या तळाशी असतात. त्यात शिरलेले गढूळ पाणी सुकते, पण पिनांवर हिरवट गंज मागे राहतो आणि हीटरचा कोड काही महिन्यांनी येतो. चालू गाडी खोल पाण्यात घातली तर तापलेल्या सिरॅमिकला तडाही जाऊ शकतो. बुडालेल्या गाडीचे इंजिन ऑइल बदलले जाते, पण हे कपलर सोडून, सुकवून पाहण्याचे अनेकदा राहून जाते.

धुऊन, फसवून किंवा सोडून देऊन चालेल का

सेन्सर पेट्रोलने धुणे किंवा तारेच्या ब्रशने घासणे व्यर्थ आहे. साधी काजळी मिश्रण सुधारल्यावर आपोआप जळून जाते, आणि सिलिकॉन किंवा शिशाचा थर धुतल्याने निघत नाही. ब्रशने टोकाची जाळी मात्र खराब होते.

कपलर सोडून ठेवला तरी गाडी चालते, म्हणून काहीजण तसेच ठेवतात. तेव्हा ईसीयू ठरीव आकड्यांवर चालतो आणि बहुधा रिच बाजूला झुकतो. जास्तीचे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तो वितळण्याइतका तापू शकतो. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम हे मौल्यवान धातू असतात, त्यामुळे तो सेन्सरच्या कितीतरी पट महाग पडतो. दुसऱ्या सेन्सरला धुरापासून दूर नेणारा तुकडा बसवून दिवा विझवण्याची युक्तीही चालते. त्याने कन्व्हर्टर सुधारत नाही, केवळ त्याची खबर बंद होते आणि धुरातले विष आपल्याच गल्लीत सोडले जाते. शाळा सुटताना गेटसमोर उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या धुराच्या उंचीवरच लहान मुलांचे नाक असते, हे असे तुकडे बसवणाऱ्याने आणि बसवून घेणाऱ्यानेही मनात आणावे. पिवळा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर मात्र पुढे जाऊ नये, कारण ती गंभीर मिसिंगची खूण आहे आणि कन्व्हर्टर काही मिनिटांत खराब होऊ शकतो.

बदलायचाच असेल तर

गाडीच्या नेमक्या मॉडेलचा, त्याच कपलरचा सेन्सर घ्यावा. तारा कापून जोडायचे सर्वसाधारण सेन्सर स्वस्त मिळतात, पण त्यांच्या हीटरचा रोध वेगळा असला तर ईसीयू पुन्हा कोड देतो. शिवाय अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांच्या आवरणातूनच घेतात, म्हणून त्या तारांवर सोल्डरिंगचा डाग देऊ नये आणि कपलरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे भरू नये.

जुना सेन्सर इंजिन किंचित कोमट असताना, आट्यांवर गंज सोडवणारे तेल मुरू देऊन काढावा. बहुतेकांना २२ मिलिमीटरचा, तार बाहेर येण्यासाठी चीर असलेला सॉकेट लागतो. जोर लावून आटे गेले तर घाबरू नये. आट्यांचे माप बहुधा १८ मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर पिच असे असते, आणि ते पुन्हा पाडून देणारी वर्कशॉप शिवाजी उद्यमनगरात आहेत. नवा सेन्सर हातातून पडला असेल तर बसवू नये. आट्यांना लावायचे जॅम न होणारे लेपन बहुधा कंपनीनेच लावलेले असते, ते टोकाला लागू देऊ नये. घट्ट करताना साधारण ३५ ते ४५ न्यूटन-मीटर एवढाच जोर द्यावा.

काढलेला सेन्सर गॅरेजमधून मागून घ्यावा आणि त्याचे टोक उजेडात पाहावे. पांढरा थर, तेलकट काळेपणा किंवा कूलंटची पुटे दिसली तर मूळ कारण अजून इंजिनातच आहे. त्यानंतर कोड पुसून, ट्रिम शून्यावर आणून, गाडी शहरात आणि महामार्गावर मिळून काही दिवस चालवावी, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण होतात. पीयूसी केंद्रात कन्व्हर्टर असलेल्या पेट्रोल गाडीचा लॅम्डा वाढीव वेगावर मोजला जातो आणि तो ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान असावा लागतो. ती पावती नुसती खिशात न घालता हा आकडा वाचावा. आठवड्याभराने स्कॅनर पुन्हा लावून ट्रिम पाहावी. नव्या सेन्सरनंतरही ती पंधरा-वीस टक्क्यांवर असेल तर जुन्या सेन्सरची तक्रार खरी होती, आणि शोध व्हॅक्यूमच्या नळ्या, पंप व गॅसकेटपासून पुन्हा सुरू करावा लागेल.